हेमलालची बदली

भैय्यालाल गजभिये यांना आयुष्यात कुणी सगळ्यांच्या आधी बोलावलं असेल, तर ते लकव्यानं. बाकी सगळीकडे दुसरा कुणीतरी उठल्यावरच त्यांचा नंबर लागला. गोंदियाकडून रायपूरला आले ते रेल्वेच्या कारखान्यात एवजी म्हणून. एवजी म्हणजे कायमचा माणूस ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहणारा. रोज सकाळी डबा घेऊन फाटकाशी जायचं आणि कुणाला ताप आलाय का, कुणाच्या घरी म्हातारी गेलीय का, याची वाट बघायची. पुढे कायम झाले, कलावतीशी लग्न झालं, कारखान्याच्या फुटबॉल टीममध्ये नाव लागलं. पण तिथंही काय म्हणून? दुसरा गोलकीपर म्हणून.

फुटबॉलमध्ये याच्याइतकी वाईट जागा नाही. पुढं खेळणारा दमतो, त्याला बाहेर काढतात, बेंचवरच्याला शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. गोलकीपर दमत नाही. त्याचं बोट मोडावं लागतं, नाहीतर डोकं फुटावं लागतं, आणि आपल्याच टीमच्या माणसाचं डोकं फुटावं असं मनात आणणं वाईट. भैय्यालाल वर्षानुवर्षं हातमोजे घालून बसले आणि असलं काही मनात आणलं नाही. निदान ते तसं सांगायचे.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि गजभिये कुटुंब बूढापाऱ्यातल्या एका गल्लीत राहायला आलं. गल्लीत त्यांना सगळे ‘गोलकीपर भैया’ म्हणत. किती गोल अडवले, असं कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. अशी पदवी फुकटात मिळाली तर कोण नाकारतो!

मुलगा बुद्धभूषण नव्या छत्तीसगड राज्यात बाबू झाला. रायपूर राजधानी झालं, आणि काही वर्षांनी मंत्रालय उचलून शहराबाहेर नव्या रायपुरात नेऊन ठेवलं. तिथले रस्ते एवढे रुंद, की पलीकडे चहाला गेलेला माणूस परत येतो की नाही अशी शंका यावी. सकाळी बूढा तालाबाजवळून स्टाफ बस पकडायची, संध्याकाळी तिनंच परतायचं. बुद्धभूषण आस्थापना शाखेत होता. कुणाची बदली बस्तरला, कुणाची सरगुजाला, सगळ्या फायली त्याच्या टेबलावरून जायच्या. सही तेवढी वरच्यांची. ‘बदली’ हा शब्द दिवसभर त्याच्या तोंडात असायचा. झोपेत त्याने कूस वळवली तरी बायको शर्मिष्ठा म्हणायची, “कुठं निघाली आता बदली?”

बसमध्ये वेळ जाता जात नसे. म्हणून लेखा शाखेतल्या हिरालाल साहूनं फँटसी फुटबॉलची लीग काढली. खेळ सोपा. इंग्लंडमधले खरेखुरे खेळाडू मोबाइलवर निवडून आपली पंधरा जणांची टीम बनवायची. अकरा मैदानात, चार बेंचवर, आणि पंधरांत गोलकीपर दोन. तिकडे खऱ्या मॅचमध्ये त्यांनी जे दिवे लावले, त्याचे गुण इकडे आपल्याला. कप्तान केला त्याचे दुप्पट. आठवड्याला एक खेळाडू विकून दुसरा घेता येतो, पण शनिवारी ठरलेल्या वेळेच्या आत. नंतर देव आला तरी काही बदलत नाही. बसमधल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, पण सोमवारी सकाळी भांडणं अशी व्हायची की ड्रायव्हर मागं वळून बघायचा.

या बसमध्ये बुद्धभूषणला मान होता. इतरांच्या चुका त्याला पाठ होत्या. मागच्या आठवड्यात कुणी तीन गोल मारले की सगळी बस त्याच्यामागं धावायची, हा म्हणायचा, “गोल होऊन गेले न भैया, आता घेऊन का लोनचं घालशीन?” एखादा एका मॅचमध्ये बरा खेळला नाही म्हणून लोक त्याला विकायचे आणि पुढच्याच आठवड्यात डोक्यावर हात मारायचे. कुणी लाडक्या क्लबचे खेळाडू कोंबायचा. कुणी रविवारीच घाईनं बदली करून मोकळा व्हायचा आणि शुक्रवारी कळायचं, नव्यानं घेतलेला सरावात लंगडला. बुद्धभूषणचं तत्त्व ठरलेलं होतं: बदली शेवटच्या दिवशी करायची. बातमी आल्याशिवाय बोट हलवायचं नाही. “अन् सगळ्यात मोठी चूक कोनती?” तो विचारायचा, आणि उत्तरही तोच द्यायचा. “टीममध्ये माया. जो खेळतच नाही, त्याले मायेनं ठेवून घ्यायचं.”

हे तो बसमध्ये सांगायचा. घरी वेगळंच चाललं होतं.

पावसाळ्याच्या शेवटी भैय्यालालना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हातपाय हलवत राहा, बोलतं ठेवा, नाहीतर माणूस आतल्या आत मिटत जातो. ते मिटायलाच लागले होते. कलावतीबाई घास भरवायच्या, तो तोंडातच राहायचा. व्यायामाला हात धरला की ते भिंतीकडे बघायचे. बुद्धभूषण रोज ऑफिसातून येऊन खाटेजवळ बसायचा, दिवसभराचं सांगायचा, आणि समोरून हूं की चूं नाही. बापाला असं बघणं त्याच्यानं होत नसे. तो मग टीव्ही लावून द्यायचा, म्हणजे घरात कुणाचा तरी आवाज असावा.

एका शनिवारी टीव्हीवर इंग्लंडची मॅच चालू होती. कॅमेरा बेंचवरून फिरला. जाड कोट घातलेल्या खेळाडूंच्या रांगेत टोकाला एक दाढीवाला, हातात मोजे चढवून बसलेला. भैय्यालालनी डावा हात उचलला.

“तो... कोन आहे?”

स्वयंपाकघरातून कलावतीबाई पीठभरल्या हातानं धावत आल्या. पायल, बुद्धभूषणची अकरावीतली मुलगी, मोबाइल टाकून उठली. पायलला मराठी सगळं समजायचं, बोलायची हिंदीत. तिनं शोधून सांगितलं, “हेम्डाल नाम है, दादाजी। सेकंड गोलकीपर है। तीन साल से बैठा है।”

“हेमलाल,” भैय्यालाल म्हणाले. नॉर्वेतून आलेल्या त्या माणसाचं छत्तीसगडी बारसं तिथल्या तिथं झालं. मग जड जिभेनं त्यांनी एकेक शब्द जुळवला. “भूषन, याले... घे. आपल्या टीमात.”

खेळतच नाही असा माणूस! पण बाप बोलला होता. बुद्धभूषणनं त्याच आठवड्यात हेमलालला घेतलं, आणि बेंचवर नाही, चक्क अकरांत ठेवलं. यात एक मखलाशी होती. अकरांतला गोलकीपर त्या दिवशी खेळलाच नाही, तर खेळ आपोआप बेंचवरच्या गोलकीपरचे गुण धरतो. हेमलाल तर कधीच खेळत नसे. म्हणजे नाव हेमलालचं, गुण बेंचवरच्याचे. बाप खूश, टीमही सुखरूप. हिरालालनं बघितलं तेव्हा म्हणाला, “गजभिये जी, ये तो आपने एवजी के लिए एवजी रख लिया!” बस हसली. बुद्धभूषणही हसला.

तेव्हापासून शनिवारी सकाळी टीम वाचून दाखवायचा रिवाज पडला. भैय्यालाल उशीला टेकून बसायचे. “वाच,” म्हणायचे. पहिलं नाव गोलकीपरचं. ‘हेमलाल’ ऐकलं की मान हलायची. बाकीच्या चौदांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. संध्याकाळी मॅच असली की ते आपण होऊन डाव्या हातानं जेवायचे, कारण भरवून घेत बसलं तर मॅचची सुरुवात हुकते. हेमलालविषयी बोलताना जीभ सुटायची. “पयला जो आहे न... तो चांगला खेळते. काहून? मांगं हेमलाल बसला आहे म्हून. धास्ती असते त्याले.” घरात सगळ्यांना कळलं होतं, हा नॉर्वेचा माणूस म्हाताऱ्याला धरून आहे. तो गेला तर म्हातारा पुन्हा भिंतीकडे तोंड करील.

जानेवारी आला. बुद्धभूषणची टीम, कधी नव्हे ती, हिरालालच्या अगदी पाठीवर येऊन ठेपली. शुक्रवारी रात्री पायल ओरडत आली. “दादाजी! पहले वाले का हाथ टूट गया! कल हेमलाल खेलेगा!”

भैय्यालालनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं पुन्हा एकदा सांगितलं. मग ते रडले. लकव्यानंतर त्यांना रडू लवकर यायचं, पण हे तसलं नव्हतं.

शनिवारी ऑफिस होतं. बुद्धभूषणनं सकाळी टीम वाचली, “गोलकीपर हेमलाल,” आणि बस पकडली. बसमध्ये हिरालाल वाटच बघत होता. समोरचा संघ त्या वर्षीचा सगळ्यांत भारी. “आज तो आपका हेमलाल सच में खेलेगा, भैया। पाच गोल खाही। माइनस पॉइंट लिख लो।” आणि खरंच होतं ते. इतके महिने हेमलालला अकरांत ठेवण्यानं काही बिघडलं नव्हतं, कारण तो खेळत नव्हता. आज तो खेळणार, म्हणजे त्याचेच गुण धरले जाणार, आणि बेंचवरचा भरवशाचा गोलकीपर बसून राहणार. सबंध हंगामात हेमलाल महाग पडेल असा हा एकच दिवस होता. तेवढ्या एका दिवसापुरता त्याला बेंचवर बसवायचा, दुसऱ्याला आत घ्यायचा, पुढच्या शनिवारी पुन्हा जागेवर आणायचा. बाबांना कळायचं काय कारण? त्यांना टीव्हीवर हेमलाल दिसला म्हणजे झालं.

बुद्धभूषण दुपारपर्यंत स्वतःला समजावत राहिला, की यात काही वाईट नाही. वाईट नसतं तर समजवावं लागलं नसतं, एवढं त्याला कळत होतं. पण महिनोन्महिने दुसऱ्यांना शहाणपण शिकवलेल्या माणसाला ऐन वेळी चूक करवत नाही.

त्याच्या मोबाइलला ऑफिसात रेंज येईना. पाचची मुदत जवळ आली तेव्हा त्यानं शाखेतल्या फोनवरून घरी पायलला फोन लावला. त्याचं खातं तिच्या मोबाइलवरही उघडायचं.

“पायल, आईक. आजोबाच्या गोलकीपरची बदली कर. दुसऱ्याले आत घे.”

“बदली? पापा, बदली मतलब ट्रान्सफर ना?”

तेवढ्यात अवर सचिव दारातून आत आले, हातात फाइल. बुद्धभूषण उभा राहिला. बदली म्हणजे ट्रान्सफर, हे त्याच्या टेबलावर दिवसभर खरं होतं. मैदानावर बदली खेळाडू म्हणजे बेंचवरचा, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यातून साफ उडालं.

“हव, हव, ट्रान्सफर. लवकर कर,” म्हणाला आणि फोन ठेवला.

पोट्टीनं बापाचं ऐकलं. खेळात ‘ट्रान्सफर’ असं लिहिलेलं बटण होतं, ते तिनं दाबलं. हेमलाल विकला. ‘दुसरा’ घ्यायचा होता, म्हणून तिला ज्याची हिरवी जर्सी आवडली तो दुसरा एक गोलकीपर विकत घेतला.

बस नव्या रायपुरातून बाहेर पडली तेव्हा कुठं बुद्धभूषणच्या मोबाइलला रेंज आली. त्यानं टीम उघडली. बेंचवर बघितलं, हेमलाल नाही. अकरांत बघितलं, तिथंही नाही. पुन्हा बेंचवर बघितलं. मुदत केव्हाच संपली होती. हिरालालनं खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि शिट्टी वाजवली. “बेच ही दिया! वा गजभिये जी, कलेजा है आपका।” मागच्या सीटवरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एका दिवसासाठी बसवायचा होता, त्याला घराबाहेर काढलं होतं. आणि काढलं ते नेमकं तो खेळणार त्या दिवशी.

घरी पोचला तेव्हा मॅच अर्धी झाली होती. भैय्यालालना पायलनं उशा लावून सरळ बसवलं होतं. त्यांनी कारखान्याच्या टीमचा जुना बनियन मागून घेतला होता. तो पोटावर बसत नव्हता, म्हणून नुसता मांडीवर होता. कलावतीबाई खाटेच्या पायथ्याशी. हेमलालनं दोन गोल खाल्ले होते.

“आला का?” भैय्यालाल टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले. “बस. आपला मानूस खेळून राहिला.”

पायलनं बापाकडे बघून अंगठा दाखवला, काम केलं म्हणून. बुद्धभूषणनं मान फिरवली.

तिसरा गोल हेमलालच्या हातातून सुटून गेला. सरळ पोटावर आलेला चेंडू, तो धरला, आणि निसटून रेषेपार. समालोचक हसला. तो इंग्रजीत हसला तरी ते हसणं खाटेवरच्या माणसाला समजलं. चौथा झाला. कॅमेऱ्यानं गोलमागचे प्रेक्षक दाखवले. लोक कोट सावरत उठत होते.

“उठून राहिले,” भैय्यालाल म्हणाले. “पाह्य. लोक उठून राहिले.”

“बंद करू का टीव्ही?” बुद्धभूषणनं विचारलं.

“नाई!” इतक्या जोरात ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. “बंद नाई कराचा.”

पाचवाही झाला. मॅच संपली. हेमलाल मोजे काढत एकटाच मैदानाबाहेर गेला. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. मग भैय्यालाल बोलले, अडखळत, मध्ये थुंकी गिळत.

“मी पन... खेळलो होतो. एक मॅच.”

बुद्धभूषणला वाटलं, म्हातारा भ्रमात बोलतोय. “केव्हा, बाबा? तुमी तं कधी सांगतलं नाई.”

“सांगाचं काय? सहा खाल्ले.”

कलावतीबाईंनी पदर सारखा केला. “भिलाईची टीम आली होती,” त्या म्हणाल्या. “पयला गोलकीपर कावीळ होऊन पडला, म्हून यायले उभं केलं. तीन झाले, चार झाले, लोक शिव्या देत देत घरी गेले. मांगं कोनी उरलं नाई.”

“उरलं होतं,” भैय्यालाल म्हणाले. डाव्या हाताचं बोट त्यांनी बायकोकडे केलं. “हे. गोलच्या मांगं. जाळीले धरून... उभी.”

“उभी नाई राहू तं का करू?” कलावतीबाई वैतागल्या. “उनात चक्कर येऊन राहिली होती. हा पोटात होता. जाळी सोडली असती तं पडली असती मी.”

भैय्यालाल हसले की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. ते तसे हसले. मग मुलाकडे बघितलं.

“सहा खाल्ले, पन मांगं आपलं मानूस होतं. तेवढ्यानं... घरी येता आलं मले.” ते थांबले. शब्द सापडेना, म्हणून टीव्हीकडे बोट केलं. “त्याच्या मांगं आज... आपन होतो न, भूषन?”

पायल मोबाइल हातात धरून उभी होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. बहुधा तिला आत्ता कळत होतं, तिनं काय केलंय.

“हव, बाबा,” बुद्धभूषण म्हणाला. “होतो.”

“किती मायनस झाले आपले?”

“झाले थोडे.”

“होऊ दे,” भैय्यालाल म्हणाले आणि त्यांनी जेवायला मागितलं.

सोमवारी बसमध्ये बुद्धभूषणचा जयजयकार झाला. हिरव्या जर्सीवाल्यानं एकही गोल खाल्ला नव्हता. गजभियेंची टीम पहिल्या नंबरावर. हिरालालनं सगळ्या बसला सांगितलं, “यहाँ से सीखो रे! दिल नहीं, दिमाग।” तेलीबांध्याच्या थांब्यावर कुणी बसमध्येच चहा मागवला, कुणी समोसे. समोसा बुद्धभूषणच्या हातात तसाच राहिला.

हेमलालला परत घ्यायचा, हे त्यानं शनिवारी संध्याकाळीच ठरवलं होतं. तो सगळ्यांत स्वस्त गोलकीपर, कुणीही घेऊ शकला असता. तिथल्या तिथं दोन बटणं दाबली असती तर झालं असतं. पण आठवड्याला बदली एकच, आणि सवय वाईट. आज घेतला आणि उद्या आपला कप्तान लंगडला तर? बातमी आल्याशिवाय बोट हलवायचं नाही. शुक्रवारी घेऊ, तो मनाशी म्हणाला. मंगळवारी म्हणाला, बुधवारी म्हणाला. ज्या चुकीपासून तो सगळ्या बसला वाचवत आला होता, ती त्यानं या वेळीही केली नाही.

गुरुवारी बातमी आली. पाच गोल खाल्ल्यावर क्लबनं नवा गोलकीपर आणला आणि हेमलालला हंगाम संपेपर्यंत बेल्जियमच्या कुठल्यातरी टीमला देऊन टाकलं. खेळ फक्त इंग्लंडमधल्या क्लबांचा. ज्यांच्याकडे हेमलाल आधीपासून होता त्यांच्याकडे तो राहिला, राखाडी रंगाचा, शून्य गुणांचा, पण राहिला. ज्यांनी विकला त्यांना मात्र आता त्याचं नाव शोधूनही सापडत नव्हतं. बुद्धभूषणनं इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून शोधलं. घरी शोधलं, बसमध्ये शोधलं. खरी बदली असती तर अर्ज केला असता, साहेबांचे पाय धरले असते, रद्द करून आणली असती. इथं अर्ज करायला कुणीच नव्हतं.

“अपन दादाजी को बता देते हैं ना,” पायल म्हणाली. स्वयंपाकघरात दोघंच होते. तिचे डोळे सुजले होते. “मेरी गलती है, मैं बता दूँगी।”

“तुही नाई, माही आहे,” बुद्धभूषण म्हणाला. “सांगू. उद्या सांगू.”

शनिवारी सकाळी भैय्यालाल नेहमीच्या आधी उठून बसले होते. त्या आठवड्यात त्यांनी रोज व्यायाम केला होता. उजव्या हाताची दोन बोटं किंचित हलत होती, आणि येईल त्याला ते दाखवत होते. बुद्धभूषण खाटेच्या कडेला टेकला. पायल मागं उभी राहिली. सांगायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

“वाच,” भैय्यालाल म्हणाले.

“बाबा, ते हेमलालचं...”

“हव. पयले त्याचं नाव घे.”

त्याला जमलं नाही. रोज शेकडो लोकांच्या आयुष्याच्या फायली पुढं सरकवणारा माणूस, पण एवढं एक वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही. “गोलकीपर, हेमलाल,” तो म्हणाला, आणि पुढची नावं वाचली.

“कप्तान कोन?”

कप्तान कोण, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बुद्धभूषणनं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“नाई. हेमलालले कर. पाच खाल्ले न त्यानं... आता त्याले कोनी नाई विचारनार. आपन कराचं.” आणि डावा हात पुढं केला. “दाखव. कुठं आहे तो?”

बुद्धभूषण मोबाइल हातात धरून बसून राहिला. पायलनंच तो त्याच्या हातातून घेतला, आजोबांसमोर धरला, आणि त्यांचं बोट आपल्या हातात घेऊन पडद्यावर टेकवलं. गोलकीपरच्या जागी, हिरव्या जर्सीवर. खालचं बारीक इंग्रजी नाव त्यांना वाचता येत नव्हतं.

“यहाँ है, दादाजी,” ती म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही. त्याच बोटानं तिनं त्याला कप्तान करून टाकलं.

बुद्धभूषणनं मुलीकडे बघितलं. आपण शिकवलं नाही तरी ती शिकली होती, आणि आता ते तिच्याकडून काढून घेता येणार नव्हतं. गोलकीपरला कप्तान करणं यासारखा मूर्खपणा या खेळात नाही. तो त्यानं तसाच राहू दिला. हेमलालसाठी त्याला करता येण्यासारखं आता एवढंच उरलं होतं, आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या नावावर चढत होतं.

संध्याकाळी हेमलालच्या जुन्या क्लबची मॅच लागली. भैय्यालाल बेंचकडे बघत राहिले. कॅमेरा तिकडून दोनदा फिरला.

“दिसून नाई राहिला.”

“टोकाले बसला आहे, बाबा. कॅमेऱ्यात नाई येत.”

“असो,” भैय्यालाल म्हणाले. “बसू दे. नाव तं आहे न आपल्यात?”

“आहे, बाबा.”

त्यांनी समाधानानं मान उशीला टेकली. पुढच्या शनिवारी ते हेच विचारणार होते, आणि त्याच्या पुढच्याही.